‘घातपाताचा संशय नाही’ यानंतरचे प्रश्न

बेपत्ता माणसाचा मृतदेह मिळाला की पोलीस ठाण्यात एक नोंद निकाली निघते आणि दुसरी पडते. ‘मिसिंग’चा क्रमांक बंद होतो, अकस्मात मृत्यूचा, म्हणजे ‘अ.मृ.’चा क्रमांक उघडतो. ठाण्याच्या दृष्टीने काम पुढे सरकलेलं असतं. घरच्यांचं उलट असतं. इतके दिवस त्यांच्याकडे एकच प्रश्न होता, कुठे असेल? त्या दिवशी तो सुटतो आणि त्याच्या जागी अनेक प्रश्न येऊन बसतात. ते विचारायचे कुणाला, हे सांगणारी एकही खिडकी आपल्या व्यवस्थेत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ती असली पाहिजे, आणि ती पोलीस ठाण्याच्या बाहेर असली पाहिजे.

वर्तमानपत्रातली बातमी चार ओळींची असते. अमुक दिवसांपासून बेपत्ता असलेल्या अमक्याचा मृतदेह खाडीत, विहिरीत, कॅनॉलमध्ये किंवा घाटातल्या दरीत आढळला. नातेवाइकांनी ओळख पटवली. प्रथमदर्शनी घातपाताचा संशय नाही. अधिक तपास पोलीस करत आहेत. त्या अधिक तपासातून पुढे काय निघालं, हे सांगणारी बातमी सहसा येत नाही. खून असेल तर येते, कारण मग आरोपी असतो, कोर्ट असतं, तारखा असतात. खून नसेल, किंवा आहे की नाही हेच कळत नसेल, तर तो माणूस त्या चार ओळींतच राहतो.

ज्या घरावर ही वेळ येते तिथले प्रश्न ऐकावेत. चपला काठावर जोडीने ठेवलेल्या होत्या, तो तर कधीच अशा ठेवत नव्हता. मोबाइल गावापासून इतक्या लांब बंद झाला, तिकडे त्याचं काय काम होतं? पाकिटात पैसे तसेच आहेत, मग घड्याळ कुठे गेलं? शेवटचा फोन ज्याला केला त्याला कुणी काही विचारलं का? आम्ही सोमवारी तक्रार दिली, विहिरीत गळ शुक्रवारी टाकला, मधले दिवस काय झालं? आणि एक प्रश्न असा, जो मोठ्याने विचारायला घरातलं कुणी धजत नाही. आम्ही ठाण्यातल्या बाकड्यावर बसून होतो तेव्हा तो जिवंत होता का?

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मेलेल्या माणसाच्या आयुष्यात शोधायची असतात. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पोलिसांच्या कामात शोधावं लागतं. तक्रार किती वाजता घेतली, बिनतारी संदेश कधी गेला, मोबाइलचं लोकेशन कधी मागवलं, एसटी स्टँडवरचं फुटेज कुणी आणि केव्हा पाहिलं, शेजारच्या ठाण्याला फोन केला का. म्हणजे ज्यांनी उत्तर द्यायचं, तेच इथे उत्तरदायी असतात. असा प्रश्न त्याच खात्याच्या त्याच ठाण्यातल्या एका अधिकाऱ्याने तपासावा आणि निकालीही काढावा, हे न्यायाला धरून नाही. त्या अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. त्याला जे काम दिलं आहे ते मुळात त्याचं नाही.

कायदा काय सांगतो ते पाहू. अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. मजकूर बराचसा तोच आहे. नव्याने एवढंच आलं की अहवाल २४ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे जावा. पोलीस अधिकाऱ्याने मृतदेह जिथे आहे तिथे जायचं, परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर पाहणी करायची आणि मृत्यूचं वरवर दिसणारं कारण लिहायचं. जखमा, अस्थिभंग, खरचटल्याच्या खुणा, त्या कशाने झाल्या असाव्यात, एवढं नोंदवायचं. १९७५ साली पेद्दा नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या चौकशीची मर्यादा स्पष्ट केली. मृत्यू संशयास्पद किंवा अनैसर्गिक आहे का आणि त्याचं दिसणारं कारण काय, इतकंच तिने पाहायचं. कोणी मारलं, कोणत्या परिस्थितीत मारलं, हे तिच्या कक्षेत येत नाही. कायद्याचा अर्थ म्हणून हा निकाल योग्यच आहे. पण याचा परिणाम असा की बेपत्ता होण्यापासून मृतदेह सापडण्यापर्यंतचा काळ या कागदात कुठेच येत नाही. चौकशी मृतदेहापासून सुरू होते आणि मृतदेहापाशीच थांबते.

इनक्वेस्ट पंचनामा एकदा नीट वाचावा. प्रेत कोणत्या दिशेला डोकं करून पडलं आहे, डोळे उघडे की मिटलेले, तोंडातून फेस आहे का, मुठी आवळलेल्या आहेत का. अंगात फिकट निळा शर्ट, कॉलरला शिंप्याचं लेबल. डाव्या मनगटात लाल दोरा. उजव्या पायाच्या अंगठ्याला जुनी जखम. खिशात भिजलेलं एसटीचं तिकीट, अक्षरं वाचता येत नाहीत. चांगल्या अंमलदाराने लिहिलेला पंचनामा अंगावर काटा आणतो, इतकं त्यात पाहिलेलं असतं. वाईट पंचनामा छापील नमुन्यातल्या रिकाम्या जागा भरून होतो. त्यात शर्टाचा रंगसुद्धा पुढे शवविच्छेदनाच्या कागदाशी जुळत नाही. पंच म्हणून बहुधा जवळच्या टपरीवरचा किंवा अ‍ॅम्ब्युलन्सबरोबर आलेला माणूस सही करतो. ‘पंचांचे मते मयत हा पाण्यात बुडून मयत झाला असावा’ हे मत त्याचं असतं असं कागद म्हणतो. तो त्या माणसाला ओळखत नसतो, आणि वास सहन होत नाही म्हणून लांब उभा असतो. घरच्यांच्या हातात पुढे कधीतरी जो कागद पडतो तो हाच.

मग शवविच्छेदन. पाण्यातून काढलेल्या मृतदेहाबाबत डॉक्टर बरंच सांगू शकतात, पण लोकांना वाटतं तितकं नाही. माणूस जिवंतपणी बुडाला की मेल्यावर पाण्यात टाकला गेला, याचा अंदाज फुप्फुसांवरून आणि हाडाच्या मगजातल्या सूक्ष्म शैवालांच्या तपासणीवरून बांधता येतो. तो पाण्यात कसा गेला, पाय घसरला, उडी मारली की कुणी ढकललं, हे फुप्फुसं सांगत नाहीत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांतच मृतदेह फुगून वर येतो. तोवर बारीक खुणा गेलेल्या असतात आणि मृत्यूची वेळ सांगताना तासांऐवजी दिवसांत बोलावं लागतं. म्हणून कागदावर येतं, मत राखून ठेवले, व्हिसेरा जतन केला. व्हिसेऱ्याची, म्हणजे शरीरातल्या अवयवांच्या नमुन्यांची, बरणी कालिन्याच्या किंवा विभागीय न्यायसहायक प्रयोगशाळेत जाते. सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, येईपर्यंत महिने जातात. तोपर्यंत दिवसकार्य, वर्षश्राद्ध होऊन जातं, तपास अधिकाऱ्याची बदली होते. रिपोर्ट आला तरी तो ठाण्यात येतो. घरी कुणी कळवत नाही, कारण कळवायलाच पाहिजे असा दंडक त्या अंमलदारावर नाही.

दरम्यान पुरावा आपल्या गतीने नाहीसा होत असतो. दुकानावरचा, सोसायटीच्या फाटकावरचा, पेट्रोल पंपावरचा कॅमेरा बहुतेक ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाभराचं चित्रण ठेवतो, मग त्यावरच नवं चढतं. दूरसंचार कंपन्यांनी कॉलचे तपशील किमान दोन वर्षं जपावेत असा नियम डिसेंबर २०२१ मध्ये झाला, त्याआधी मुदत वर्षाची होती. पण ते तपशील मागवायला पोलिसांचं पत्र लागतं. माणूस बेपत्ता असताना ‘प्रौढ आहे, येईल’ म्हणून ते गेलं नाही आणि मृतदेह मिळाल्यावर ‘आता घातपात नाही’ म्हणून गेलं नाही, तर ते कधीच जात नाही. मोटारसायकलवर मागे कोण बसलं होतं, हे सांगू शकणारा एकमेव कॅमेरा दोन नोंदींच्या मधल्या वेळात पुसला जातो.

या सगळ्याची साक्ष देणारं एक प्रकरण महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. पण ते ज्या कारणासाठी लक्षात राहायला हवं त्यासाठी राहिलेलं नाही. शीना बोरा एप्रिल २०१२ मध्ये दिसेनाशी झाली. मे २०१२ मध्ये रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या गागोदे खुर्दच्या परिसरात एक जळालेला मृतदेह सापडला. पोलीस आले, काही अवशेष मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पाठवले गेले, आणि विषय तिथेच संपला. गुन्हा तर नाहीच, साधी अकस्मात मृत्यूची नोंदही रीतसर झाली नव्हती, हे २०१५ साली बाहेर आलं. ऑगस्ट २०१५ मध्ये एका वेगळ्याच प्रकरणात पकडलेल्या, तिच्या आईच्या चालकाने तोंड उघडलं तेव्हा. मुंबईकडेही ती बेपत्ता असल्याची नोंद नव्हती, कारण ती अमेरिकेला गेल्याचं विचारणाऱ्यांना सांगितलं गेलं होतं. म्हणजे एका जिल्ह्यात नाव नसलेला मृतदेह, शेजारच्या शहरात मृतदेह नसलेलं नाव, आणि मधे तीन वर्षं. लोकांना त्यात श्रीमंत घरातली नाती दिसली, वाहिन्यांनी महिनोन्‌महिने तीच दाखवली. मला अजून पेणच्या त्या कोऱ्या नोंदीचंच आश्चर्य वाटतं. जळालेला मृतदेह पाहून एखादं ठाणं नोंदच न करता कसं राहू शकतं, याचं समाधानकारक उत्तर महाराष्ट्राला मिळालेलं नाही. ते अवशेष तिचेच का, यावर खटल्यात वाद झाला. २०२४ च्या जून महिन्यात सरकारी पक्षाने कोर्टाला सांगितलं की अवशेष सापडत नाहीत, आणि पुढच्याच महिन्यात ते तपास यंत्रणेच्या दिल्लीच्या कार्यालयात असल्याचं कळवलं. देशातल्या सगळ्यात गाजलेल्या खटल्यांपैकी एकात हे घडतं, तर ज्यांच्या नावावर एक ओळही छापून आली नाही त्यांच्या बरण्यांचं काय होत असेल?

निठारीचं उदाहरण त्याहून कठोर आहे. नोएडाच्या सेक्टर ३१ मधल्या एका बंगल्यामागच्या नाल्यात डिसेंबर २००६ मध्ये मुलांचे सांगाडे मिळाले. त्याआधी वर्ष-दीड वर्ष निठारी गावातले आईबाप ठाण्यात खेटे घालत होते. घरकाम करणारे, रिक्षा ओढणारे, दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले लोक. मुलगी कुणाबरोबर तरी पळाली असेल, असं ऐकून परत जात होते. नाला उपसल्यावर काही पोलीस निलंबित झाले, चौकशी समितीने हलगर्जीपणावर बोट ठेवलं, आणि दोन माणसांना फाशीच्या शिक्षा झाल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासाचे वाभाडे काढत दोघांची सुटका केली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती सुटका कायम राहिली आणि उरलेली शेवटची शिक्षाही रद्द झाली. पुरावा नसताना कुणाला फासावर देऊ नये हे सांगायला नकोच. पण आज त्या आईबापांच्या हातात काय आहे? मुलं मेली हे नक्की. कुणी मारली, का मारली, हे सांगायला कोर्टाच्या कागदावर कुणी उरलेलं नाही. खटला हा उत्तर मिळवण्याचा एकमेव मार्ग ठेवला की असं होतं. आरोपी सुटला की त्याच्याबरोबर सगळे प्रश्नही दप्तरी दाखल होतात, तक्रारी का घेतल्या नाहीत हा प्रश्नसुद्धा. खरं तर त्या प्रश्नाचा आरोपीच्या दोषाशी काही संबंध नव्हता.

याच्या उलट बाजूला अश्विनी बिद्रे यांचं प्रकरण ठेवावं. त्या स्वतः सहायक पोलीस निरीक्षक होत्या. एप्रिल २०१६ मध्ये नवी मुंबईतून बेपत्ता झाल्या. माहेर कोल्हापूर जिल्ह्यातलं. अपहरणाचा गुन्हा नोंद व्हायला २०१७ साल उजाडलं. संशय ज्याच्यावर होता तो पोलीस निरीक्षक डिसेंबर २०१७ मध्ये पकडला गेला, आणि मधल्या काळात त्याला राष्ट्रपती पोलीस पदक मिळालेलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्याला खुनासाठी जन्मठेप दिली. मृतदेह मिळालाच नाही. तरीही या घराला बरीचशी उत्तरं मिळाली, कारण नवरा आणि भाऊ नऊ वर्षं मागे लागून राहिले. यातून दोन गोष्टी दिसतात. उत्तर मिळायला मृतदेह मिळावाच लागतो असं नाही. आणि वर्दीतल्या बाईच्या घरच्यांना जर इतकं झगडावं लागलं, तर ऊसतोड कामगाराच्या घरच्यांनी किती झगडावं अशी आपली अपेक्षा आहे? ज्यांना हंगामात मुकादमाची परवानगी काढून ठाण्यात यावं लागतं, ते नऊ वर्षं कुठून आणणार?

पोलिसांची बाजू मी अनेकदा ऐकली आहे आणि ती पोकळ नाही. बेपत्ता म्हणून नोंदवलेली बरीच माणसं काही दिवसांत परत येतात. प्रत्येक तक्रारीमागे पथक पाठवलं तर बंदोबस्ताला माणूस उरणार नाही. याहून वजनदार मुद्दा दुसरा आहे. प्रौढ माणसाला घर सोडून जायचा अधिकार आहे. आपल्याकडे कितीतरी ‘मिसिंग’च्या तक्रारी अशा मुलींच्या असतात ज्यांनी जातीबाहेर लग्न केलं आहे आणि ज्यांना घरच्यांनी शोधू नये हीच त्यांची इच्छा आहे. बेपत्ता मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये सांगितलं की तक्रार आली की गुन्हा नोंदवा, अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून चाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेला ललिता कुमारी निकालही एका बेपत्ता मुलीच्या बापाच्या याचिकेतूनच आला, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर सक्तीचा झाला. तोच नियम सरसकट प्रौढांना लावला तर पोलीस यंत्रणा पळून गेलेल्या मुलींच्या बापांचं शोधपथक होईल. तो धोका खरा आहे, आणि म्हणून प्रत्येक ‘मिसिंग’ला एफआयआर करा ही मागणी मी करत नाही.

पण या युक्तिवादाला एक सीमा आहे. तो माणूस जिवंत असल्याच्या शक्यतेवर उभा आहे. मृतदेह सापडला त्या क्षणी त्याच्या खासगीपणासाठी शोध सावकाश घ्यायचं कारण संपलं. तिथून पुढे ‘प्रौढ होता, स्वतःहून गेला असेल’ हे वाक्य उत्तर म्हणून चालू नये. त्या मधल्या दिवसांत जे केलं नाही त्याचं ते स्पष्टीकरण असू शकतं, आणि स्पष्टीकरण लेखी द्यावं लागतं. एखाद्या ठाण्याने सगळं वेळेत केलं असेल तर तसं लिहून देण्यात त्याचं नुकसान काय? उलट बहुतेक वेळा त्यानेच घरच्यांच्या मनातला काटा निघेल. कितीतरी मृत्यू असे असतात जे कुणीही टाळू शकलं नसतं. ते तसे होते हे कुणीतरी अधिकाराने, तारीख-वेळेसह सांगणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे.

कुणी म्हणेल, मग सगळे हक्क घरच्यांना द्या म्हणजे झालं. ते पुरेसं नाही. घरचेच संशयित असतील तर? शीना बोरा प्रकरणात आरोप आईवरच आहे. हुंड्यासाठी मारून विहिरीत टाकलेल्या सुनेची ‘मिसिंग’ सासरच्यांनीच दिलेली असते. ‘नातेवाइकांची तक्रार नाही’ हे वाक्य अ.मृ.च्या कागदात फार सहज येतं. तक्रार नसणं म्हणजे प्रश्न नसणं असं मानलं, तर ज्याचं कुणीच नाही आणि ज्याचे मारणारेच घरचे आहेत, असे दोघेही एकाच वेळी वाऱ्यावर जातात. मेलेल्या माणसाचा हक्क त्याच्या नातेवाइकांच्या आवाजावर अवलंबून राहू नये. म्हणून चौकशी करणारा तिसराच कुणी हवा.

असा तिसरा कसा असतो ते पाहायला इंग्लंडमधलं एक प्रकरण उपयोगी आहे. जानेवारी २०२३ मध्ये लँकेशायरमधल्या एका गावात, नदीकाठी कुत्र्याला फिरवायला गेलेली दोन मुलींची आई नाहीशी झाली. मोबाइल बाकावर मिळाला, तिची ऑफिसची मीटिंग त्यावर चालूच होती. तीन आठवडे सगळा देश तर्क लढवत राहिला. बघे कॅमेरे घेऊन गावात उतरले, जोडीदारावर, मित्रमैत्रिणींवर संशय घेतले गेले, आणि तिच्या आजारपणाचे खासगी तपशील पोलिसांनी जाहीर केले म्हणून त्यांच्यावरही पुढे टीका झाली. फेब्रुवारीत मृतदेह नदीत मिळाला. जूनमध्ये कॉरोनरने उघड सुनावणी घेतली. डॉक्टर, पोलीस, पाण्यात शोध घेणारे, थंड पाण्याचा शरीरावर काय परिणाम होतो हे जाणणारे तज्ज्ञ, घरचे, सगळे बोलले. अपघाताने पाण्यात पडून बुडाली, जीव द्यायचा हेतू असल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. ज्यांना कट हवाच होता त्यांचं समाधान झालं नसेल. पण त्या मुली मोठ्या झाल्यावर आईचं काय झालं हे त्यांना एका सरकारी कागदात, कारणांसह वाचता येईल. तिथला कायदा कॉरोनरला चार प्रश्न ठरवून देतो. मेला तो कोण, कधी, कुठे आणि कसा. दोषी कोण, हे त्याने ठरवायचं नाही. आणि असा मृत्यू पुन्हा टाळता येईल असं त्याला दिसलं तर संबंधित खात्याला तो तसं लिहून पाठवतो, आणि त्या खात्याला ५६ दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

हे साहेबाचं कौतुक म्हणून सांगत नाही. ही व्यवस्था आपल्या मुंबईत होती. १८७१ च्या कायद्याखाली मुंबईत आणि कलकत्त्यात कॉरोनर असत. मुंबईचा कॉरोनर स्वातंत्र्यानंतरही पन्नास वर्षं राहिला आणि १९९९ मध्ये महाराष्ट्राने ते पद रद्द केलं. पोलीस तपास करतातच, मग हे दुहेरी काम कशाला, हा विचार त्या काळाला धरूनच होता, आणि त्या कोर्टात सगळं आलबेल होतं असंही नाही. पण ते बंद करताना त्याचं जे एक काम पोलीस करू शकत नाहीत, ते कुणाकडे गेलं? कुणाकडेच नाही. आरोपी असो वा नसो, मृत्यूची उघड सुनावणी व्हावी, ही जागाच नाहीशी झाली. ग्रामीण महाराष्ट्राला तर ती कधी मिळालीच नव्हती.

दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीची तरतूद आपल्या कायद्यात आजही आहे, आणि तिच्यात नातेवाइकांना शक्यतो कळवावं, हजर राहू द्यावं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ती सक्तीने होते ती कोठडीतले मृत्यू, लग्नानंतर सात वर्षांच्या आत झालेले स्त्रियांचे संशयास्पद मृत्यू अशा मोजक्या बाबतींत. माझी पहिली मागणी अशी की बेपत्ता म्हणून नोंद असलेला माणूस मृत सापडला, की ही चौकशी आपोआप सुरू व्हावी. पोलीस उपविभागाबाहेरच्या न्यायिक दंडाधिकाऱ्याने ती करावी. त्याच्यासमोर ठाण्याने एक कालपट ठेवावा. तक्रार कधी आली, कोणतं पाऊल कधी उचललं, कोणतं उचललं नाही आणि का. घरच्यांना प्रश्न लेखी देता यावेत, प्रत्येकाला लेखी उत्तर मिळावं, ‘माहीत नाही’ हेही उत्तर चालेल, पण सहीनिशी. सी.ए. रिपोर्ट आला की त्याची प्रत घरी जावी. नव्या संहितेने गुन्ह्याच्या तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांत कळवायला सांगितलं आहे. अकस्मात मृत्यूच्या फाइलीत ना फिर्यादी असतो ना पीडित, म्हणून व्यवहारात त्या घराला काहीच कळवलं जात नाही. ही फट बुजवायला फार पैसा लागत नाही.

पैसा लागतो तो दुसऱ्या कामाला, आणि तोही लावावा. बेपत्ता माणसांची यादी आणि बेवारस मृतदेहांची यादी एकमेकांशी खरोखर जुळवली गेली पाहिजे. चेहरा ओळखू येत नसेल तर डीएनएने. लोकनीती फाउंडेशन या संस्थेने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात हेच मागितलं होतं, आणि सरकारने विधेयक आणू असं सांगितल्यावर २०१८ मध्ये ती याचिका निकाली निघाली. त्या विधेयकात बेपत्ता व्यक्तींची आणि अनोळखी मृतांची अशा वेगळ्या डीएनए सूची होत्या. नागरिकांच्या डीएनएचा साठा सरकारच्या हाती देण्याबद्दल ज्यांनी आक्षेप घेतले त्यांचे मुद्दे रास्त होते. पण जुलै २०२३ मध्ये अख्खं विधेयकच मागे घेतलं गेलं, आणि आक्षेप जिच्यावर फारसे नव्हतेच ती गोष्टही त्याबरोबर गेली. स्वेच्छेने नमुना देणारी आई आणि शवागारातला अनोळखी मृतदेह यांची गाठ घालायला कुणाच्या खासगीपणाचा भंग होत नाही. आज ती गाठ पडली नाही तर त्या घराला मृत्यूचा दाखला मिळवायलाही सात वर्षं थांबून दिवाणी कोर्टात जावं लागतं. तोवर विम्याचे पैसे नाहीत, सातबाऱ्यावर वारस नाही, आणि बायकोने कुंकू लावायचं की नाही यावर भावकी चर्चा करत असते.

फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतला विषय आहे. महाराष्ट्राचं विधिमंडळ त्यात दुरुस्ती करू शकतं, राष्ट्रपतींच्या संमतीने ती लागूही होते. १९९९ मध्ये कॉरोनर रद्द करणारं सभागृह हेच आहे. आपल्या मतदारसंघात मागच्या वर्षी बेपत्ता म्हणून नोंद झालेली किती माणसं मृत सापडली आणि त्यांपैकी किती घरांना शेवटचा अहवाल पोचला, एवढा तारांकित प्रश्न प्रत्येक आमदाराने येत्या अधिवेशनात विचारावा. आणि वाचकांपैकी कुणावर ही वेळ आलीच, तर तक्रार दिली त्याच दिवशी मिसिंगचा क्रमांक लिहून घ्या, आसपासच्या कॅमेऱ्यांचं चित्रण जपून ठेवावं असा अर्ज ठाण्यात आणि त्या दुकानदारालाही लेखी द्या, आणि पोचपावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या.